भोगवटा प्रमाणपत्र कसे मिळवावे

महाराष्ट्रात नवे घर बांधून पूर्ण झाले, तरी महानगरपालिका किंवा नगरपरिषदेचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, हाती आल्याशिवाय त्यात राहायला जाऊ नये. अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत करावा लागतो. त्यासोबत मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र जोडावे.

खरी अडचण येते ती स्थळपाहणीच्या वेळी. पालिकेचा अभियंता टेप लावून सामासिक अंतरे (इमारतीभोवती भूखंडाच्या हद्दीपर्यंत मोकळी सोडायची जागा), जिन्याची रुंदी आणि खोल्यांची मापे मंजूर नकाशाशी ताडून पाहतो, आणि बंदिस्त केलेली बाल्कनी किंवा समासात सरकलेली भिंत त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. म्हणून बांधकामात बदल झाला असेल, तर नियमात बसत असल्यास सुधारित नकाशा आधीच मंजूर करून घ्यावा, हे मी आग्रहाने सांगेन.

मालमत्ता कराची पावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. कर अनधिकृत बांधकामावरही आकारला जातो. सदनिका घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण तेथे भोगवटा प्रमाणपत्र मिळवण्याची जबाबदारी रेरा (स्थावर संपदा नियमन) कायदा, 2016 नुसार विकासकाची असते आणि त्याची प्रत ताबा घेण्यापूर्वीच मागून घ्यावी.