जबाब लिहून झाल्यावर

सेप्टिक टाकीत उतरून जीव गेलेल्या कामगारांच्या घरी मी जबाब लिहून घ्यायला जाते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे काम करतेय त्याला पंधरा वर्षं झाली. नव्याने या कामात आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

रबाळ्याच्या एका बाई जबाब देताना मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसल्या होत्या. आत नवऱ्याच्या चपला. टाकीत उतरण्याआधी त्याने कडेला नीट काढून ठेवलेल्या. दोन तास बाई बोलल्या आणि पिशवीवरचा हात एकदाही उचलला नाही. मी घरी आले, लेकीने कंपासपेटीसाठी पैसे मागितले आणि मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारीण दारात आली.

तेव्हापासून जबाब झाला की मी थेट घरी जात नाही. आधी बरोबरच्या माणसाशी पंधरा मिनिटं बोलते. केसबद्दल नाही, मला काय झालं त्याबद्दल. म्हणून जबाबाला कधीही एकट्याने जाऊ नका. कोर्टात तारीख असेल तर कोर्टनाक्यावरून तलावपाळीपर्यंत चालत जाते आणि पाण्याकडे तोंड करून बसते. फाईल पिशवीत, फोन बंद. चहा होईपर्यंतच, पण तेवढं लागतंच.

मृतदेहाचे फोटो, व्हिडिओ पाहावे लागतात. रात्री पाहू नका. आवाज बंद ठेवा, स्क्रीनवरची खिडकी लहान करा, त्यातला चेहरा हाताने झाका. एकदा पाहून नोंद केली की परत उघडायचं नाही. ग्रुपवर तर टाकूच नका. दुसऱ्याच्या जेवणाच्या ताटासमोर ते उघडतं.

आता फोन, सगळ्यात अवघड गोष्ट. पोलिसांनी कुणाला उचललं तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, राज्यघटनेचं कलम २२. म्हणजे पहिली रात्र मोलाची आणि फोन घ्यायला कुणीतरी जागं हवंच. पण सगळ्यांनी का? आम्ही तिघींनी वार वाटून घेतले. ज्या दिवशी जिची पाळी, तिचाच नंबर वस्तीत दिलेला असतो. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबरही लोकांनाच देऊन ठेवलाय. पहिले दोन महिने मला अपराधी वाटायचं, फोन उशाखाली घेऊन झोपायचे. मग झोप यायला लागली.

झोप तुटणं, चिडचिड ही लक्षणं कळतात. एक लक्षण कळत नाही: समोरची बाई रडतेय आणि तुम्हाला काहीच वाटत नाही. तसं झालं की थांबा आणि डॉक्टर गाठा. '१४४१६' ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. मी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गेले. आपल्याकडे एखाद्याला वेडा ठरवायचा तर 'ठाण्याला पाठवा' म्हणतात. ठाण्यातच जन्म काढूनही त्या फाटकापाशी माझा पाय अडला. आत केसपेपर काढला, नंबर आला, डॉक्टरांनी झोपेचं विचारलं. इतकंच होतं.

रजा बैठकीत मांडून घ्या, इतिवृत्तात लिहा. न लिहिलेली रजा कुणी घेत नाही.

गटारात किंवा टाकीत मृत्यू झाल्यास ३० लाख भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं. पण आदेश आणि त्या बाईचं बँक पासबुक यांच्यामध्ये किती अर्ज, किती खेटे असतात ते आपण पाहतो. तिथवर तिच्या सोबत चालायचं तर आपण धड हवं.

रबाळ्याच्या बाईंना आता आमच्या पाळ्या पाठ आहेत. रविवारी त्या मला फोन करत नाहीत, माझ्या सहकारी मैत्रिणीला करतात. रविवारी लेक आणि मी उपवनला जातो.