फंक्शनल सेफ्टी की सायबर सिक्युरिटी? शिकताना या चुका टाळा

फंक्शनल सेफ्टी म्हणजे यंत्रात बिघाड झाला तरी माणसाला इजा होऊ न देणं; सायबर सिक्युरिटी म्हणजे मुद्दाम हल्ला करणाऱ्याला अडवणं. मराठीत दोन्हींना आपण ‘सुरक्षा’च म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यात कंट्रोलरचं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलांमध्ये हा घोळ मला वारंवार दिसतो.

मागच्या पावसाळ्यात एकाचा कोड बघत होतो. प्रेशर सेन्सरच्या प्रत्येक मेसेजला त्याने सीआरसी, म्हणजे मेसेजवरूनच काढलेला तपासणीचा आकडा, लावला होता. “कोणी मेसेज बदलला तर लगेच कळेल, सर,” म्हणाला. मी त्याच्याच लॅपटॉपवर मेसेजमधल्या दाबाचा ८ चा ४ केला, सीआरसी नव्याने काढला आणि पाठवला. कंट्रोलरने तो मुकाट्याने घेतला. वायरमधल्या नॉइजने एखादा बिट उलटला, तर सीआरसी पकडतो. पण त्याचं गणित सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे मुद्दाम बदलणारा नवा सीआरसी काढून मोकळा होतो. त्याला अडवायला मॅक (मेसेज ऑथेंटिकेशन कोड) लागतो, म्हणजे गुप्त की असल्याशिवाय काढता न येणारा तपासणीचा आकडा.

उलटी चूक, म्हणजे सिक्युरिटीचा नियम सेफ्टीच्या जागी लावणं, जास्त जिवावर बेतणारी. तीन वेळा पासवर्ड चुकला की खातं लॉक, हा ऑफिसातला नियम ऑपरेटरच्या पॅनेलवर जसाच्या तसा आणू नका. टाकीतला दाब चढत असताना माणसाची बोटं चुकणारच. इमर्जन्सी स्टॉप तर पासवर्डमागे कधीच नको.

“सेफ्टी सिस्टीममध्ये हॅकर कशाला येईल?” असंही ऐकतो. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायटन मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) नेमकं सेफ्टी कंट्रोलरमध्येच, म्हणजे धोका दिसला की प्रकल्प बंद करणाऱ्या कंट्रोलरमध्येच, शिरलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या मालवेअरमुळे आपल्या शेजारच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं.

या दोन्हींपैकी कशात करिअर करायचं याची निवड करताना फक्त पगार बघू नका. सी आणि मायक्रोकंट्रोलरवर हात बसला असेल तर सेफ्टीपासून सुरुवात करा, वेब आणि नेटवर्कमध्ये रमत असाल तर सिक्युरिटीपासून. आयएसओ २६२६२ या गाड्यांच्या फंक्शनल सेफ्टीच्या मानकातल्या ए ते डी या धोक्याच्या पातळ्या नुसत्या पाठ करून मुलाखतीला जाऊ नका, दुसऱ्याच प्रश्नाला अडकाल. त्यापेक्षा तुमच्या सोसायटीची लिफ्ट घ्या. दाराच्या स्विचची वायर तुटली तर कंट्रोलरने काय समजायचं? ‘दार उघडं आहे’ असंच, म्हणजे लिफ्ट जागची हलणार नाही. हे कागदावर नीट उतरवा. मग त्याच कागदाच्या मागे लिहा: मेंटेनन्सवाल्याला लिफ्टचा कंट्रोलर घरबसल्या उघडता येतो का, आणि त्याचा पासवर्ड अजून किती जणांकडे आहे?