परसातल्या कोंबड्यांची पिसझड आणि टोचाटोची : या चुका टाळा

परसात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते. एखाद्या कोंबडीची पाठ उघडी पडते, शेपटीच्या बुडाजवळची पिसे नाहीशी होतात आणि बाकीच्या तिला खाद्याजवळ फिरकू देत नाहीत. अशा वेळी पुष्कळ जण थेट औषधाच्या दुकानात जातात आणि कॅल्शियमची बाटली, जंताचे औषध किंवा अंगावर शिंपडायची पावडर घेऊन परततात. माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. पिसे अंगाच्या कोणत्या भागावरून गेली आहेत हे पाहिल्याशिवाय केलेला कोणताही उपाय अंधारात केलेला असतो, आणि बहुतेक वेळा दोष कोंबडीत नसून तिला दिवसभर ज्या खुराड्यात राहावे लागते त्यात असतो.

आधी जागा पाहावी

संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की एकेक हातात घेऊन पिसे बाजूला सारून त्वचा तपासावी. पाठीवरची आणि मानेच्या मागची पिसे तुटलेली असतील आणि कळपात कोंबडा असेल, तर ते बहुधा त्याच्या पंजांचे आणि चोचीचे काम असते. एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या असाव्यात. चार कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले तर त्यांच्या पाठी उघड्या पडणारच. शेपटीच्या बुडाजवळचा भाग उघडा पडला असेल, तर दुसऱ्या कोंबड्या पिसे उपटत आहेत असे समजावे. डोके आणि तुरा यांवर खपल्या असतील, तर ते वर्चस्वाचे भांडण आहे. खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांना थेट ऊब मिळावी म्हणून छातीखालची पिसे स्वतःच काढते. त्यावर काहीही करण्याची गरज नसते. मलद्वाराभोवतीची पिसे विरळ होऊन त्यांच्या बुडाशी पांढरट अंड्यांचे पुंजके चिकटलेले दिसले, तर उवा झाल्या आहेत.

येथे एक लहानशी नोंद करावीशी वाटते. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘हितकारी’ या संकरित जातीची मान मुळातच उघडी असते. हा आनुवंशिक गुण असून उष्ण हवामानात तो उपयोगी पडतो. अशा पक्ष्याच्या मानेला तेल चोळत बसणे व्यर्थ आहे.

नैसर्गिक पिसझडीला आजार समजू नये

वयाचे सुमारे सोळा ते अठरा महिने पूर्ण झाले की कोंबडी आपली जुनी पिसे टाकून नवी घेते आणि पुढे साधारण दरवर्षी हे चक्र चालते. दिवस लहान होऊ लागणे हा त्याचा मुख्य इशारा असल्याने आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत अशा कोंबड्या अधिक दिसतात. पिसे आधी डोक्यावरची आणि मानेवरची, मग छाती व अंगावरची आणि शेवटी पंखांची व शेपटीची, या क्रमाने जातात. मागोमाग त्वचेतून आवरणात गुंडाळलेले नव्या पिसांचे खुंट वर येतात. अंडी कमी होतात किंवा काही आठवडे पूर्ण थांबतात. हा क्रम आणि हे खुंट दिसले, तर काळजीचे कारण नाही.

तरीही या काळात दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे अंडी थांबली म्हणून खाद्य कमी करणे. पिसांमध्ये सुमारे ८५ ते ९० टक्के प्रथिन असते. मक्यात प्रथिने नऊ टक्क्यांच्या आसपास आणि ज्वारीत दहा टक्क्यांच्या आसपास असतात, तर पिसे धरणाऱ्या कोंबडीला १८ ते २० टक्के प्रथिनांचा आहार लागतो. केवळ धान्य आणि घरातला उरलेला भात यांवर ही गरज भागत नाही, आणि मग प्रथिनांची भूक ती दुसरीची पिसे खाऊन भागवू पाहते. तीन भाग भरडलेल्या धान्यात एक भाग सोयाबीन पेंड मिसळली की प्रमाण अठरा टक्क्यांच्या घरात येते. पिसांसाठी मेथिओनिन हे अमिनो आम्ल विशेष लागते आणि तिळाची पेंड किंवा सुकट यांतून ते चांगले मिळते. सुकट मात्र बिनमिठाची घ्यावी. एकूण खाद्यात मीठ शेकडा पाव ते अर्धा भाग एवढेच पुरे; ते अजिबात नसले तर टोचणे वाढते आणि फार झाले तर विषबाधा होते. पावसाळ्यात बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. दुसरी चूक म्हणजे या कोंबड्यांना वारंवार हाताळणे. नव्या खुंटांमध्ये रक्त असते, ते दाबले गेले की वेदना होतात, आणि तुटून रक्त आले की बाकीच्या कोंबड्या तेथेच चोच मारू लागतात.

रिकामा दिवस हे खरे मूळ

मोकळी कोंबडी दिवसाचा बराचसा वेळ उकरण्यात आणि जमिनीवर चोच मारण्यात घालवते. पोट भरले म्हणून ही ओढ संपत नाही. तिला आपण चारही बाजूंनी जाळी लावलेल्या, सिमेंटच्या तळाच्या खुराड्यात कोंडतो, भांडे भरून ठेवतो आणि तिची सोय झाली असे मानतो. मग अर्ध्या तासात खाणे आटोपलेल्या कोंबडीपुढे उरलेला दिवस मोकळा असतो आणि चोच मारण्यासाठी समोर शेजारणीची शेपटी असते. शेपटीच्या बुडाशी होणारे हे टोचणे रागातून येत नाही. ते जागा चुकलेले अन्नशोधन आहे. म्हणूनच टोचणारीला हाकलून किंवा ओरडून काही साधत नाही.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे तीन-चार महिने कोंबड्या आतच राहतात, विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी सावलीच्या एका कोपऱ्यात दाटी होते, आणि शहरातल्या गच्चीवर तर बाराही महिने मोकळी माती नसते. तक्रारी याच काळात आणि याच जागी वाढतात. आतल्या जागेत एका कोंबडीला तीन ते चार चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीदार अंगणात आठ ते दहा चौरस फूट मिळाले पाहिजेत. मात्र माझा अनुभव असा की नुसती जागा वाढवून भागत नाही. त्या जागेत काम असावे लागते.

तळाला भाताच्या तुसाचा चार-सहा इंचांचा थर द्यावा आणि रोजच्या धान्यातले मूठभर दाणे त्यात विखरावेत, म्हणजे ते शोधण्यात त्यांचे तास जातात आणि तूसही आपोआप खालीवर होते. तूस ओले झाले तर बदलावे, कारण अमोनियाचा उग्र वास कोंबड्यांचे डोळे झोंबवतो आणि त्यांना अस्वस्थ करतो. गोळी खाद्यापेक्षा भरडा खायला अधिक वेळ लागतो. केवळ या एका बदलाने टोचणे कमी झालेले मी पाहिले आहे. मेथीघास, शेवग्याचा पाला किंवा कोबीचा गड्डा त्यांच्या डोक्यापेक्षा किंचित उंच टांगावा. पाला जमिनीवर टाकला की लगेच तुडवला जातो. टांगलेला त्यांना ओढून, उडी मारून खावा लागतो. छपराखाली एका रुंद घमेल्यात कोरडी माती, वाळू आणि चुलीची राख ठेवावी. मातीत लोळणे ही कोंबडीची गरज आहे, त्याने पिसांतले तेल आणि उवा दोन्ही आटोक्यात राहतात, आणि पावसाळ्यात नेमकी हीच सोय बंद होते. याउलट रात्रभर भडक दिवा जळत ठेवू नये. तीव्र उजेडात लहानसा ओरखडाही उठून दिसतो आणि टोचणे वाढते.

दांडगाई मोडताना होणाऱ्या चुका

कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लेफ श्येल्देरूप-एब्बे यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी मांडले. ती एकदा ठरली की घरात शांतता असते आणि डोक्यावरची एखादी चोच पुरते. आपण वारंवार पक्षी आणून आणि काढून ती विस्कटतो. बाजारातून आणलेली एकटी तलंग, म्हणजे नुकती वयात येणारी कोंबडी, संध्याकाळी थेट खुराड्यात सोडणे हा तिच्यावर अन्याय आहे. नव्या पक्ष्यांना आधी तीन-चार आठवडे पूर्ण वेगळे ठेवून रोग नसल्याची खात्री करावी, नंतर आठवडाभर जाळीपलीकडे, दिसतील पण टोचता येणार नाही असे ठेवावे, आणि मग मोकळ्या अंगणात एकत्र सोडावे. एकटीऐवजी किमान दोघी आणाव्यात आणि त्या अंगाने जुन्यांच्या जवळपास असाव्यात.

खाद्य-पाण्याची भांडी किमान दोन ठिकाणी, एकमेकांना न दिसतील अशी ठेवावीत. एकाच भांड्यावर दांडगी कोंबडी पहारा देते आणि दुर्बळ कोंबडी उपाशी राहते. दांडीवर प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा असावी. आडोशाला गोणपाट, उलटी डालगी किंवा फांद्यांचा ढीग ठेवला तर पळणारीला लपता येते. आणि वेगळी काढायचीच झाली, तर मार खाणाऱ्या कोंबडीऐवजी मारणारी काढावी. मार खाणारी बाहेर काढली की परतल्यावर ती पुन्हा परकी ठरते. मारणारी चार-पाच दिवस दूर राहिली तर परतताना तिचाच दर्जा घसरलेला असतो. जखमी कोंबडी अर्थातच याला अपवाद आहे.

जखमेवरचे अघोरी उपाय

रक्त दिसले की थांबू नये. जखमी कोंबडी लगेच वेगळी करावी, जखम स्वच्छ करून जेन्शन व्हायोलेट हे जांभळे जंतुनाशक लावावे. त्याने जंतू आवरतात आणि लाल रंगही झाकला जातो. पावसाळ्यात माश्यांमुळे जखमेत किडे पडतात, म्हणून रोज तपासावे. पहिले अंडे घालणाऱ्या तलंगेचे मलद्वार बाहेर आले असेल तर तिच्याबाबत तासाभराचाही उशीर घातक ठरतो.

पिसांना मिरचीचा लेप लावा, असा सल्ला दिला जातो. मिरचीतले कॅप्सायसिन पक्ष्यांना झोंबतच नाही. पोपट लाल मिरच्या सुखाने खातो तो त्यामुळेच. रॉकेल किंवा डिझेल चोळल्याने त्वचा भाजते. चोचीचे टोक घरी कापणे तर मुळीच करू नये, कारण चोचीत नसा आणि रक्तवाहिन्या असतात आणि कापल्याने कंटाळ्याचे कारण जागेवरच राहते.

उवा आणि लाल माइट (रक्त शोषणारे बारीक जीव) यांच्यासाठीचे औषध पशुवैद्यकाला विचारूनच वापरावे. कुत्र्यांसाठीचे फिप्रोनिल या कीटकनाशकाचे थेंब कोंबड्यांवर वापरण्याचा मोह टाळावा. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममधील अंड्यांत हेच रसायन सापडल्यावर युरोपभर लक्षावधी अंडी बाजारातून काढावी लागली होती. लाल माइट दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतात, दांडीच्या फटींत दडलेले असतात. रात्री विजेरी घेऊन पाहिल्यास ते दिसतात. केवळ पक्ष्यांवर औषध मारून ते जात नाहीत. फटी, दांड्या आणि अंडी घालण्याच्या खोक्यांतले गवत हे सर्व साफ करावे लागते. उवांच्या बाबतीत अंड्यांतून नव्या उवा बाहेर येतात, म्हणून सात ते दहा दिवसांनी उपचार पुन्हा करावा.

कारण दूर झाल्यावर मुळापासून उपटलेली पिसे काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागतात. मात्र मध्येच तुटलेल्या पिसाचा खुंट त्वचेत राहिला असेल, तर त्या जागी नवे पीस पुढच्या पिसझडीलाच येते. अशा कोंबडीची पाठ तोवर उघडी दिसली तरी तिच्यावर नवनवी औषधे करू नयेत. तिच्यापासून कोंबडा दूर ठेवावा, प्रथिने कमी पडू देऊ नयेत आणि खुंट हाताने ओढून काढू नयेत.