तूप कमी निघालं? चूक मागच्या पायरीवर शोधा

बेरी करपली, लोणी येईना, दह्याला तार सुटली, की आपण समोरच्या भांड्यालाच दोष देतो. दुधाच्या कामात चूक बहुतेक वेळा एक पायरी आधीच झालेली असते. म्हणून इथे शेवटाकडून मागे येऊ: तूप, लोणी, दही आणि मग दूध.

तूप करपतं, खवट होतं

लोणी नीट धुतलेलं नसतं. त्यात अडकलेल्या ताकातली प्रथिनं आणि साखर तळाशी बसून बेरी होते, आणि ती जास्त असली की करपतेही लवकर. थंड पाण्यात दोन-तीनदा, पाणी जवळपास स्वच्छ निघेपर्यंत लोणी धुवा. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर कढवा. तडतड होतेय तोवर पाणी निघून जातंय असं समजा. ती थांबली, वर बारीक फेस आला आणि बेरी बदामी दिसू लागली की लगेच गॅस बंद करा. तांबूस होण्याची वाट पाहिलीत तर पातेल्याच्या धगीनेच ती काळी पडते. तडतड चालू असताना उतरवलंत तर पाणी राहतं आणि तुपाला वास येतो. ओली बरणी किंवा ओला चमचाही तेच करतो.

रवाळ तूप हवं तर गाळून बाहेरच, न हलवता निवू द्या. म्हशीच्या दुधाचं तूप पांढरं निघालं तर काही बिघडलेलं नाही. त्या दुधात कॅरोटीन हे पिवळं रंगद्रव्य जवळजवळ नसतं.

तूप कमी पडल्याची तक्रार मात्र आधी हिशेबात बसते का ते पाहा. टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्के, फुल क्रीममध्ये 6. म्हणजे 10 लिटर टोन्ड दुधात सगळी मिळून 300 ग्रॅमच्या आसपास चरबी, आणि तीही पूर्ण सायीत येत नाही. पिशवीवर ‘होमोजनाइज्ड’ लिहिलं असेल तर चरबीचे कण बारीक फोडलेले असतात, ते वर तरंगून येत नाहीत. अशा दुधाच्या सायीवर तुपाचे मनोरे रचू नयेत.

लोणी येत नाही

साय आठवडाभर नुसती साठवली की फ्रिजमध्येही कडवट होते. भांड्यात पहिल्या दिवशीच चमचाभर दही घाला. घुसळायच्या आदल्या रात्री साय बाहेर काढून, तिचा गारवा गेल्यावर विरजण लावा, आणि घुसळण्याआधी तासभर पुन्हा गार करा. भांडं अर्धंच भरा.

नुसता फेस येतोय आणि कण जमत नाहीत, तर साय फार गार किंवा फार घट्ट आहे. थोडं साधं पाणी घाला. लोणी तेलकट, मऊ आणि ताक दुधासारखं पांढरंफटक असेल, तर साय गरम झाली आहे. बर्फाचं पाणी घालून थांबून थांबून घुसळा. ताकात गेलेली चरबी म्हणजे हातचं गेलेलं तूप.

दही लागत नाही, चोथापाणी होतं

बोलताना आनंदावर विरजण पडतं, स्वयंपाकघरात विरजणाशिवाय पान हलत नाही. अर्धा लिटर दुधाला एक लहान चमचा पुरतो. जास्त घातलं की दही घट्ट होण्याऐवजी भराभर आंबतं आणि निवळी सुटते.

दूध 40 ते 45 अंशांवर असावं: बोट बुडवून दहा अंक मोजता आले पाहिजेत. त्याहून बरंच गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात. फार निवलेलं असेल तर दही अदमुरं राहतं आणि पुष्कळदा चिकटही होतं. एकदा तार सुटली की त्यातलंच विरजण पुढे चालवू नका, दुसरीकडून आणा.

कवडी दही न लागण्याचं खरं कारण मात्र उकळण्यात असतं. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड, म्हणजे जंतू मारण्यासाठी आधीच तापवलेलं असतं, म्हणून अनेकजण ते नुसतं कोमट करतात. दह्यासाठी एवढं पुरत नाही. उकळी आल्यावर मंद आचेवर पाच-दहा मिनिटं ढवळत ठेवा. त्या उष्णतेने निवळीतली प्रथिनं उलगडून केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि पाणी धरून ठेवतात.

सगळं बरोबर करूनही दही लागलं नाही, तर दुधावर शंका घ्या. जनावराला दिलेल्या अँटिबायोटिकचा अंश किंवा दूध टिकावं म्हणून घातलेला सोडा, दोन्ही विरजणाला आडवे येतात.

दूध नासतं

ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, 6.6 ते 6.7; तो जितका कमी तितकं दूध आंबट. आंबटपणा थोडा वाढला तरी गार दूध चांगलंच दिसतं, तापवल्यावर फाटतं. त्यामुळे कालचं उरलेलं दूध आजच्या निरशा दुधात मिसळून तापवू नका. चमचाभर वाईट दूध लिटरभर घालवतं. शंका असेल तर दोन चमचे दूध कढल्यात आधी उकळून पाहा.

गूळ उकळत्या दुधात पडला तरी हेच होतं. खिरीत तो आच बंद करून, खीर जरा निवल्यावर घाला.

फाटलेल्या दुधाला वास चांगला असेल तर उकळी येऊ द्या, लिंबाचे चार थेंब पिळा, फडक्यात बांधा आणि निवळी कणकेत वापरा. कडवट किंवा कुबट वास असेल तर ओतून द्या.