बांधावरील गिरिपुष्पाची शेंडाछाटणी

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत भाताच्या खाचरांना हिरवळीचे खत देण्यासाठी बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावणे सोयीचे ठरते. हे झाड शेंगवर्गीय असल्यामुळे त्याच्या पाल्यात नत्र चांगले असते आणि चिखलात गाडल्यावर तो लवकर कुजतो. मात्र झाड जमिनीलगत तोडले, तर कोवळे फुटवे जनावरांच्या तोंडी जातात. मोकळे वाढू दिले, तर पाला हाती लागत नाही आणि भातावर सावली पडते. म्हणून जनावरांचे तोंड पोहोचणार नाही, पण माणसाला जमिनीवर उभे राहून काम करता येईल, अशा दीड ते दोन मीटर उंचीवर शेंडा तोडावा.

पहिली छाटणी खोड मनगटाएवढे झाले की करावी. जुन्या, जाड खोडाची जखम भरायला वेळ लागतो आणि तिथून कूज आत शिरते, त्यामुळे हे वळण लहानपणीच लावलेले बरे. पाऊस स्थिरावल्यावर, चिखलणीच्या आधी धारदार करवतीने किंचित तिरका काप घ्यावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. कोयत्याच्या बोथट घावाने साल फाटते, ते टाळावे. फांदी जड असेल, तर आधी खालून थोडा काप घेऊन मग वरून तोडावे.

यापुढचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच सर्वाधिक मोडला जातो: दरवर्षी छाटणी त्याच उंचीवर करावी. फुटवे जिथून येतात तिथे हळूहळू गाठीसारखा फुगवटा तयार होतो. पुढचे धुमारे त्याच्यातूनच फुटत असल्याने फुटवे त्याच्या अगदी वर कापावेत, गाठीला मात्र हत्यार लावू नये. गाठीखाली कापल्यास अनेक वर्षांची घडण वाया जाते. बांधावरची सगळी झाडे एकाच दिवशी बोडकी करण्यापेक्षा एकाआड एक छाटावीत, आणि घरटे दिसल्यास ते झाड पिल्ले उडून जाईपर्यंत सोडून द्यावे.

ही पद्धत जुन्या आंब्यावर किंवा रस्त्याकडेच्या मोठ्या वृक्षांवर वापरू नये. नाशिक शहरात तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय झाडाला हात लावू नये.