साथीतला वणवा: नव्या वनरक्षकांसाठी चार अनुभव

वनरक्षकाच्या भरतीत मुलांना २५ किलोमीटर आणि मुलींना १६ किलोमीटर चार तासांत चालावं लागतं. तुम्ही ते चालून आला आहात, म्हणजे पायांबद्दल मी काही सांगायला नको. सांगायचंय ते हजेरीपटाबद्दल. २०२० आणि २०२१ हे कोविडच्या साथीतले माझे दोन आगीचे हंगाम पूर्व विदर्भातल्या एका बीटवर, म्हणजे एका गार्डच्या ताब्यातल्या जंगलात गेले. त्या दोन वर्षांत आग कधी जिंकली, कधी आम्ही जिंकलो, पण प्रत्येक वेळी हिशेब एकाच गोष्टीवर येऊन थांबला: आज माणसं किती?

प्रशिक्षण संपवून आलेली मुलं विचारतात, "सर, लॉकडाउनमध्ये जंगल शांत असेल ना?" पहिल्या वर्षी होतंही. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, २५ मार्चपासून वर्दळ थांबली. पण जे त्या वर्षी जळलं नाही ते जमिनीवरच पडून राहिलं. साग, ऐन, तेंदू यांचा पाचोळा एका पावसाळ्यात पुरता कुजत नाही. पुढच्या पानगळीचा थर त्यावर बसला. देशभरातले उपग्रहाचे आकडे बघा: २०१९-२०च्या हंगामात १ लाख २४ हजारांच्या आसपास ठिकाणी आग टिपली गेली, २०२०-२१मध्ये ३ लाख ४५ हजारांच्या वर. सगळं खापर पाचोळ्यावर फोडता येणार नाही, हवामानही होतं. पण माझ्या बीटवर मी पायानं तो थर मोजलाय. घोट्याच्या वर होता.

त्यात पैशाची चणचण. मे २०२०मध्ये राज्य सरकारनं विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला. हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, त्याआधी साफ करून, जाळून तयार हव्यात. आमच्याकडे २०२१मध्ये मार्च उजाडला तरी दोन रेषा अर्ध्याच होत्या. म्हणून सांगतो, साथ हंगामाच्या मध्येच येते असं समजू नका. तिची झळ पुढच्या वर्षाच्या जाळरेषेलाही लागते.

आता टोळीचं. माझ्याकडे तीन गावांचे पाच फायर वॉचर, म्हणजे आगीवर नजर ठेवणारे हंगामी मजूर होते. एप्रिल २०२०मध्ये गावांनी रस्त्यावर बांबू आडवे टाकले आणि दहा गावं फिरणारा गार्ड म्हणजे रोग घेऊन येणारा, असा सगळ्यांचा समज झाला. लोकांचं चूक नव्हतं. एका वॉचरच्या बायकोनं मला अंगणाबाहेरच थांबवलं आणि म्हणाली, "गार्डसाहेब, माणूस नेता तर न्या, पण मग हंगाम संपल्यावरच पाठवा." तेच केलं. दोघे राशन घेऊन जंगलातल्या संरक्षण कुटीत राहायला आले, उरलेल्या तिघांची वेगळी टोळी. दोन्ही टोळ्यांनी एकमेकांत मिसळायचं नाही, जेवण वेगळं, पाण्याची कॅन वेगळी. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी १७ लाख हेक्टरच्या आसपास क्षेत्र जळालं आणि तिथंही हेच केलं गेलं असं पुढे वाचलं. हजारो माणसांचे तळ फोडून लहान केले, एक टोळी म्हणजे एक कुटुंब समजून एकत्र जेवायचं, एकत्र प्रवास करायचा. त्यांच्याकडे हेलिकॉप्टर होते, आमच्याकडे पाचोळा उडवणारे दोन ब्लोअर. उत्तर मात्र एकच निघालं.

नव्या माणसाची इथं एक गल्लत होते. त्याला वाटतं संसर्गाचा धोका आगीवर. आगीवर माणसं मुळातच पाच-सहा मीटर अंतरानं उभी असतात आणि वारा असतो. धोका जीपमध्ये असतो, जिथं सहाजण कोंबलेले असतात. आणि आग विझल्यावर मोहाखाली बसतो तेव्हा असतो. विदर्भातल्या मुलांना सांगायला नको, त्या वेळी पहिली गोष्ट निघते ती खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. घोटलेल्या खर्र्याची एक पन्नी आणि तीत पाच जणांची बोटं, राखेनं काळी झालेली. मास्कचे कितीही उपदेश करा, ती पन्नी फिरत राहिली तर सगळं व्यर्थ. मी खर्रा बंद करायला सांगितलं नाही, कुणी ऐकलं नसतं. प्रत्येकाला आपली पन्नी आपल्या खिशात ठेवायला लावली आणि जो दुसऱ्याला मागेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा, असा दंड ठेवला. चहा बराच झाला.

मास्क. सर्जिकल मास्क प्लास्टिकच्या धाग्याचा असतो, ठिणगी पडली की वितळून गालाला चिकटतो. तो जीपपुरता. आगीवर सुती दुपट्टा, आणि तो नायलॉनचा नाही ना हे हातानं चुरगाळून बघा. एन-९५ धुराचे बारीक कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, आणि पाठीवर ब्लोअर घेऊन चढ चढताना त्यातून दमही पुरत नाही. सॅनिटायझर म्हणजे स्पिरिट. हाताला चोळलं की पूर्ण वाळेपर्यंत आगीकडे जायचं नाही आणि बाटली खिशात ठेवायची नाही. आमच्या एकाच्या शर्टाच्या खिशात ती निघाली तेव्हा मी पहिल्यांदा कुणावर ओरडलो.

ऑक्सिमीटरचीही एक गोम आहे. धुरात काम करून आलेल्याच्या बोटाला तो लावला तर आकडा चांगला दिसतो, कारण रक्ताला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड साध्या यंत्राला ऑक्सिजनसारखाच वाटतो. ९८ दिसलं म्हणून डोकं दुखणाऱ्या, मळमळणाऱ्या माणसाला परत रेषेवर पाठवू नका.

खोकल्याचं काय? वणव्याच्या दिवसांत सगळेच खोकतात. म्हणून रोज सकाळी, आग लागण्याआधी, मी प्रत्येकाशी दोन मिनिटं बोलायचो. कालचा आवाज आणि आजचा आवाज जुळतो का, एवढंच बघायचो.

तरी फसलो. तिघांच्या टोळीतले काका साठीला आलेले, त्यांच्या नाकावर माझा मोबाइलपेक्षा जास्त भरवसा. उपग्रहाचा मेसेज येतो, पण उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास. त्याचा ठिपका ३७५ मीटरचा, आणि तो मोबाइलवर पोचेपर्यंत आग पुढं सरकलेली असते. काका मात्र टेकडीवर उभे राहून सांगायचे, पळसाचा धूर आहे की गवताचा, नाल्याच्या अलीकडे की पलीकडे. एप्रिल २०२१च्या सुरुवातीला आम्ही दोघं त्याच टेकडीवर होतो. पश्चिमेकडून मला स्पष्ट वास येत होता. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"काका, कुठला आहे?"

"मले तं काही येत नाही जी."

मग जरा थांबून म्हणाले, "तीन दिवस झाले."

तीन दिवस त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण हंगामी मजुराला रजा नसते. क्वारंटाइनचे चौदा दिवस तेव्हा हजेरीपटावर कोरे राहायचे आणि कोऱ्या दिवसाची मजुरी कुणी देत नाही. मी वर कागद पाठवले, उत्तर आलं नाही. तुम्ही असं करा: हंगामाच्या पहिल्याच दिवशी साहेबांकडून लेखी घ्या, आजारी मजुराला बसून करायचं कुठलं काम देता येईल. फोनवरची नोंद, मेसेजचं रजिस्टर, काहीही. पोट भरतंय म्हटल्यावर माणूस लक्षण लपवत नाही.

आरोग्य केंद्रात काका पॉझिटिव्ह निघाले, त्यांच्या टोळीतले दोघे घरी बसले. बीटवर उरलो मी आणि कुटीतले दोघे. दोन टोळ्या वेगळ्या ठेवल्या नसत्या तर मी एकटाच उरलो असतो.

त्याच आठवड्यात, ८ एप्रिलला, नागझिऱ्यात आग विझवताना तीन मजूर जळून गेले, दोघे गंभीर भाजले. मी तिथं नव्हतो, त्याबद्दल काही बोलायचा मला अधिकार नाही. पण ती बातमी आली त्या रात्री कुटीत कुणी जेवलं नाही आणि मी माझ्यापुरता नियम केला: चारपेक्षा कमी माणसं असतील तर आगीच्या तोंडावर जायचं नाही. मागे सरायचं, तयार जाळरेषा गाठायची, तिथून येणाऱ्या आगीच्या दिशेनं उलटी आग लावायची आणि मधलं जंगल जाऊ द्यायचं. उलटी आगही वारा बघूनच, वरिष्ठांना सांगूनच, आणि पळायची वाट आधी ठरवून. दोन दिवसांनी जंगलाचा एक आख्खा कक्ष असा सोडला. त्यात माझी रोपं होती. डायरीत वेळ घालून लिहिलं, "मनुष्यबळ तीन, सबब माघार." ते वाक्य पुढे चौकशीत कामी आलं.

सोपं झालं असं एकच काम. हंगामाआधीच्या गावसभा बंद होत्या, म्हणून पहाटे मोहाच्या झाडाखाली जाऊन एकेका बाईशी बोलावं लागलं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून त्या खालचा पाचोळा पेटवतात. झाडून घ्या, पेटवू नका, पेटवलाच तर विझेपर्यंत थांबा, एवढंच सांगायचं. १६ एप्रिल २०२०ला केंद्रानं वनोपज गोळा करायला सूट दिली तेव्हा ती बातमीही आम्हीच नेली. बातमी घेऊन आलेल्या गार्डचं लोक जास्त ऐकतात. सभा सुरू झाल्या तरी मी अजून मोहाखालीच जातो.

आणि हो, त्याच एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीला कोविड झाला, मग व्याघ्र प्रकल्पांना सूचना आल्या. वाघापासून अंतर ठेवा हे आम्हाला कागदावर सांगावं लागलं, याचं कुटीत फार हसू झालं.

बरा झालेला माणूस "फिट आहे जी" म्हणतो. त्यावर जाऊ नका. पाण्याची कॅन देऊन त्याच्याबरोबर टेकडी चढा आणि चढता चढता त्याला बोलतं ठेवा. वाक्य मध्येच तुटलं तर आणखी आठ दिवस रजिस्टरवर बसवा. काकांना मे महिनाभर तिथंच बसवलं, ते माझ्यावर रागावले.

पुढच्या फेब्रुवारीत जाळरेषा जाळताना त्यांना विचारलं, वास येतो का. नाक वर करून बराच वेळ उभे राहिले. "सागाचा येते," म्हणाले, "तेंदूचा नाही." खरं होतं की माझी फिरकी घेत होते, मला अजून कळलेलं नाही.