बॅटरी घेताना ल्युमेन नंतर बघा, आधी उजेडाचा रंग बघा

टॉर्च घेताना पहिला प्रश्न ठरलेला, किती ल्युमेन, म्हणजे एकूण उजेड किती? मी पण तेच विचारायचो. मग एकदा घरी मेन बंद करून स्विचबोर्ड उघडला आणि त्या पांढऱ्याफटक उजेडात लाल वायर कुठली न तपकिरी कुठली तेच कळेना, उजेड भरपूर पण रंगच नाहीत.

तर दोन आकडे बघायचे. पहिला केल्विन, म्हणजे कलर टेंपरेचर. इथे गंमत उलटी आहे, आकडा मोठा तेवढा उजेड निळसर. जुना पिवळा बल्ब साधारण २७००, दुपारचं ऊन ५०००-५५००, आणि स्वस्तातल्या बऱ्याचशा टॉर्च ६५०० किंवा वरच. का, तर पांढरी एलईडी मुळात निळी असते, वर पिवळट फॉस्फरचा थर देतात, तो कमी ठेवला की निळा जास्त बाहेर येतो, ल्युमेन वाढतात आणि डब्यावर मोठा आकडा छापता येतो.

दुसरा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, १०० पैकी. साध्या एलईडीला ७० च्या आसपास मिळतात, चांगली ९० च्या वर. पण एक मेख आहे, ही सरासरी ८ फिकट रंगांवरून काढतात आणि गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचा आकडा वेगळा, आर९. तो कमी असला की रक्त, कुंकू, टोमॅटो सगळं मातकट दिसतं. शेतात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांनी हे जास्त बघावं, कारण पाचोळ्यात बसलेलं फुरसं आधीच पाचोळ्याच्या रंगाचं असतं, त्यात टॉर्चने तपकिरी छटा एकसारख्या केल्या की झालंच (गमबूट घालाच, टॉर्च कितीही भारी असो).

मग घ्यायची कुठली? घरात, तंबूत, झोपायच्या आधी वाचायला ३००० केल्विनची बरी, किडेही त्यामानाने कमी येतात. एकच घ्यायची असेल तर माझ्या मते ४००० ते ५०००, सीआरआय ९० च्या वर. कॉन्व्हॉय एस२ प्लस (निचिया कंपनीची ५१९ए एलईडी असलेली) किंवा सोफर्न एसपी१० प्रो, या नावांनी शोधा. ल्युमेन थोडे कमी मिळतात पण डोळ्याला ते जाणवत पण नाही, हजाराचे आठशे झाले तरी शेजारी शेजारी धरल्याशिवाय कळत नाही.

पावसाळी ट्रेकवाले म्हणतील पिवळा उजेड धुकं कापतो. नाही कापत ओ! धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात, पिवळा फक्त डोळ्यात कमी खुपतो. हेडलॅम्प काढून हातात कमरेखाली धरा, फरक लगेच दिसेल.

दुकानात बघायचं तर तळहातावर मारा. हात जिवंत, गुलाबी दिसला तर ठीक, मढ्यासारखा दिसला तर ठेवा परत. मग सगळ्यात कमी मोडवर पांढऱ्या कागदावर मारा, काही एलईडी तिथे हिरवट मारतात आणि हे डब्यावर कुणीच लिहित नाही.